डोस वाढवण्याआधी: इन्सुलिन घेणाऱ्या घरासाठी

सकाळी उपाशीपोटी मीटरवर २८० दिसले की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आज चार युनिट जास्त घ्या." तसं करू नका. डोस किती हे डॉक्टर ठरवतात, पण त्यातलं किती इन्सुलिन खरोखर कामाला येतं हे घरात ठरतं. बाटली तापलेली आहे का, सिरिंज तिच्या जोडीची आहे का, सुई रोज त्याच गाठीत जाते का, टोचल्यावर ताट किती वेळाने पुढे आलं, या चार गोष्टी आधी तपासायच्या. यातलं एखादं बिघडलेलं असताना डोस वाढवला तर शुगर उतरल्यासारखी वाटते. पुढे नवी बाटली येते किंवा टोचण्याची जागा बदलते, वाढवलेला डोस पूर्ण लागू होतो आणि शुगर ५० वर येते.

किती शुगर चालते? बहुतेक मोठ्या माणसांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ७ च्या आसपास. म्हातारं माणूस, एकटं राहणारं माणूस, किडनीचा किंवा हृदयाचा आजार असलेलं माणूस यांना डॉक्टर थोडी सैल मर्यादा देतात आणि ते बरोबरच असतं, कारण त्यांना शुगर वाढण्यापेक्षा अचानक उतरण्याचा धोका मोठा. गरोदर बाईची मर्यादा याहून कडक असते.

बाटली आणि सिरिंजची जोडी

१० मिलीच्या काचेच्या बाटलीवर बहुतेक वेळा "४० आययू प्रति मिली" असं छापलेलं असतं, आययू म्हणजे युनिट. इन्सुलिन टोचायच्या पेनच्या ३ मिलीच्या कार्ट्रिजवर "१०० आययू प्रति मिली". लाल टोपणाची सिरिंज ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी असते. टोपणाच्या रंगावरच विसंबू नका, सिरिंजच्या नळीवरचा आकडा वाचा आणि तो बाटलीवरच्या आकड्याशी जुळवा.

जोडी चुकली तर काय होतं ते हिशेबाने पाहू. डोस २० युनिटचा आहे. ४० ची बाटली आणि केशरी सिरिंज घेऊन २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर आत येतं ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. महिनाभर शुगर ३०० आणि घरात भांडण की तुम्ही चोरून गोड खाता. उलटी चूक जास्त वाईट. पेनची सुई संपली म्हणून कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर आत येतं ०.५ मिली, म्हणजे ५० युनिट. रात्रीच्या डोसला हे झालं तर माणूस सकाळी उठेलच असं नाही. म्हणून कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसायची नाही, कितीही अडचण असली तरी.

ज्यांच्याकडे दोन पेन असतात, एक जेवणाचा आणि एक रात्री एकदाच घ्यायचा, त्यांनी एका पेनला जाड रबरबँड गुंडाळून ठेवावा. दोन्ही औषधं पाण्यासारखीच दिसतात आणि लाईट गेल्यावर रंग कळत नाही, रबरबँड मात्र हाताला लागतो.

३०/७० (दोन इन्सुलिनचं तयार मिश्रण) किंवा एनपीएच हे दुधाळ इन्सुलिन आहे. ते बाटलीत खाली बसतं. बाटली दोन तळहातांत आडवी धरून १० ते २० वेळा हळू फिरवायची, सगळीकडे सारखा पांढरा रंग आला की मगच ओढायचं. जोरात हलवली की फेस होतो, सिरिंजमध्ये बुडबुडे येतात आणि तेवढं औषध कमी जातं. न फिरवता घेणाऱ्यांची शुगर एक दिवस चढते, एक दिवस पडते आणि कारण सापडत नाही. याउलट रेग्युलर, ग्लार्जिन वगैरे पाण्यासारखी असतात. ती गढूळ दिसली किंवा दुधाळ इन्सुलिन फिरवूनही त्यात कण राहिले, काचेला बर्फासारखा थर चिकटला, तर बाटली फेकून द्या. पैसे गेले असं वाटतं, पण तसल्या बाटलीवर काढलेले पंधरा दिवस जास्त महागात पडतात.

एप्रिल ते जून: बाटली कुठे ठेवायची

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रीजच्या मधल्या किंवा खालच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याला टेकवून नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक असलं तरी वापरायचं नाही. उघडलेली बाटली २५ ते ३० अंशांच्या आत राहिली तर साधारण २८ दिवस चालते. उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहा. पण परभणी, नांदेड, बीडच्या उन्हाळ्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त तापतं. तिथे "खोलीच्या तापमानाला ठेवा" या छापील सूचनेचा उपयोग नाही.

फ्रीज नसेल किंवा लाईटचा भरवसा नसेल तर माठाचा उपाय चांगला चालतो. आपल्याकडची उन्हाळ्याची हवा कोरडी असते, ओल्या मातीतून पाणी भराभर उडतं आणि आतली जागा खोलीपेक्षा बरीच थंड राहते. करायचं असं:

१. एक मोठं, रुंद तोंडाचं मातीचं भांडं आणि त्याच्या आत बसेल असं छोटं मडकं घ्या. दोन्ही कच्च्या रंगाची, चकाकी न दिलेली हवीत, नाहीतर पाणी झिरपत नाही.
२. दोघांच्या मधल्या फटीत वाळू भरून ती पाण्याने चिंब करा.
३. बाटली कोरड्या, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत घालून छोट्या मडक्यात ठेवा. बाटली थेट पाण्यात सोडायची नाही, लेबल निघतं आणि रबराचं बूच घाण होतं.
४. वरून ओलं सुती फडकं टाका. भांडं सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. बंद कपाटात ठेवलं तर गारवा येतच नाही.
५. सकाळी आणि संध्याकाळी वाळूवर पाणी घाला. टंचाईच्या दिवसांत भांडी विसळलेलं पाणीही चालतं.

आत एक साधा थर्मामीटर ठेवला तर अंदाजावर राहावं लागत नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की ही युक्ती फारशी चालत नाही, पण तेव्हा तिची तितकी गरजही नसते.

तालुक्याहून बाटली आणताना ती मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा एसटीच्या खिडकीजवळ ठेवू नका. थर्मासमध्ये थोडा बर्फ, त्यावर जाड कापड, त्यावर बाटली. बर्फ आणि काच एकमेकांना टेकता कामा नयेत. दुकानदार बाटली फ्रीजमधून काढून देतो की काउंटरवरून, तेही बघून घ्या.

टोचताना

हात आणि पोटाची जागा साबणाने धुतलेली असली तर पुरे. स्पिरिट लावलं तर ते वाळू द्या, ओल्या स्पिरिटवर टोचलं की झोंबतं. बाटलीतून २० युनिट घ्यायचे तर आधी सिरिंजमध्ये २० पर्यंत हवा ओढून ती बाटलीत सोडा, मग बाटली उलटी करून औषध ओढा. हवा न सोडता ओढत राहिलात तर आत ओढ तयार होते आणि डोस नीट भरत नाही. पेन असेल तर नवी सुई लावून २ युनिट हवेत सोडा, टोकाला थेंब दिसला की मग डोस फिरवा. दाबून झाल्यावर मनात १० अंक मोजा, मगच सुई बाहेर. सुई पेनला लावून ठेवली की गळती होते आणि हवा शिरते, म्हणून प्रत्येक वेळी काढून ठेवायची.

बेंबीपासून दोन बोटं सोडून पोटावर, किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला वरती. पोटावरून औषध लवकर लागतं, मांडीवरून सावकाश. पण ज्या दिवशी खुरपणी, नांगरट किंवा लांबचं चालणं आहे, त्या दिवशी मांडी टाळा. चालत्या स्नायूंवरून इन्सुलिन भरभर ओढलं जातं.

जुन्या पेशंटमध्ये सगळ्यात जास्त सापडणारी चूक म्हणजे गाठी. रोज तीच जागा, कारण तिथे दुखत नाही. दुखत नाही कारण तिथली चरबी जाड आणि बधिर झालेली असते आणि तिच्यातून औषध नीट उतरत नाही. अंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने पोट चाचपून पाहा, रबरासारखा उंचवटा लागला तर ती जागा निदान काही महिने सोडून द्या. पोटाचे चार भाग कल्पा, आठवडाभर एक भाग, त्यातही रोज एक बोट सरकून. मात्र गाठ सोडून नव्या जागी टोचायला लागण्याआधी डॉक्टरांना विचारा, तोच डोस तिथे जास्त लागू पडतो आणि पहिल्याच आठवड्यात शुगर लो होऊ शकते.

मीटर खोटं कधी बोलतो

आंबा चोखलेल्या, गूळ फोडलेल्या, रसवंतीच्या ग्लासला लागलेल्या बोटावर मीटर सहज १०० ने जास्त दाखवतो. साबणाने हात धुवा, कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचा (मधोमध जास्त दुखतं), आणि थेंब पिळून काढू नका. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेत स्ट्रिप बिघडतात. बहुतेक मीटर ४० अंशांच्या वर नीट चालत नाहीत, काही सरळ एरर दाखवतात. मे महिन्यात वावरात तपासण्यापेक्षा सावलीत येऊन, दहा मिनिटं थांबून तपासा.

रोज चार वेळा तपासणं परवडत नसेल तर जोडी करा: एक दिवस न्याहारीआधी आणि दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी आणि दोन तासांनी. वहीत आकडा, वेळ, किती युनिट, काय खाल्लं एवढं लिहा. ३०/७० दोन वेळा घेणाऱ्यांसाठी ढोबळ वाचन असं: सकाळची उपाशी शुगर रात्रीच्या डोसवर चालते आणि संध्याकाळची जेवणाआधीची सकाळच्या डोसवर. सकाळची शुगर सलग तीन दिवस जास्त येत असेल तर एका रात्री ३ वाजता उठून तपासा. तेव्हाच ती ७० च्या खाली असेल तर रात्रीचा डोस वाढवणं म्हणजे आगीत तेल ओतणं, डॉक्टरांना हा ३ चा आकडाच आधी सांगा. एकाच दिवसाच्या आकड्यावरून कोणीही डोस हलवत नाही.

आकडा अचानक चढला आणि बाटली, सिरिंज, जागा सगळं ठीक असेल, तर विचारा: गुडघ्यात इंजेक्शन घेतलं का? दम्याच्या गोळ्या सुरू झाल्या का? सांधेदुखीसाठी कुणी बिनलेबलची पुडी दिली का? स्टेरॉईडने शुगर ३०० च्या पुढे जाऊ शकते, आणि तसल्या पुड्यांत ते असण्याची दाट शक्यता असते. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड घ्यायची तर घ्या, पण इन्सुलिन बंद करून नाही.

भाकरी, येळवस, उपवास

"ज्वारीच्या भाकरीने शुगर वाढत नाही" हा गैरसमज मराठवाड्यात सगळ्यात घट्ट बसलेला आहे. भाकरीत चोथा जास्त, ती सावकाश पचते, हे खरं. पण गावाकडची तव्याएवढी भाकरी ७० ते ८० ग्रॅम पिठाची असते आणि तिच्यात जवळजवळ ५० ग्रॅम पिष्ट असतं. पातळ चपातीत १८ ते २० ग्रॅम. म्हणजे एक भाकरी म्हणजे अडीच चपात्या. भाकरी खाणं थांबवायचं नाही, पण तिचा आकार आणि संख्या रोज सारखी ठेवायची, कारण डोस तोच असतो. एक भाकरी, तिच्यापेक्षा जास्त माळवं, वाटीभर घट्ट वरण किंवा पिठलं, ताक. अंबाडी, मेथी, चवळाईची भाजी वाटेल तितकी. हुरडा कोवळा असला तरी ज्वारीच आहे, आणि हुरड्याबरोबरचा गूळ वेगळा मोजायचा. केसर आंब्याची एक छोटी वाटी रस, साखर न घालता, भाकरी अर्धी करून चालेल. धोंड्याच्या महिन्यात जावयाचा पाहुणचार नाकारता येत नाही, तिथेही हाच हिशेब: एक धोंडा घेतला तर चपाती-भात बंद.

डोस आणि ताट यांच्यातला वेळ: रेग्युलर आणि ३०/७० जेवणाआधी अर्धा तास, अस्पार्ट किंवा लिस्प्रोसारखं झटपट इन्सुलिन १० ते १५ मिनिटं. ग्लार्जिन जेवणाशी बांधलेलं नाही, रोज ठरलेल्या वेळी घ्यायचं. सकाळी ८ ला घेतलेलं ३०/७० दुपारीही जोरात काम करत असतं, म्हणून दुपारचं जेवण टाळलं की शुगर पडणारच.

लातूर-धाराशिवकडची येळवस, म्हणजे वावरात जाऊन पूजा आणि पंगत करायची वेळ अमावस्या, हे याचं नेमकं उदाहरण. घरातली बाई पहाटेपासून भज्जी, उंडे, आंबील यांच्या मागे. नेहमीच्या वेळी इन्सुलिन टोचते, पण नैवेद्य दाखवल्याशिवाय खायचं नाही म्हणून न्याहारी नाही. मग डोक्यावर टोपलं घेऊन वावरापर्यंत चालणं, पूजा, पाहुणे, आणि पंगत बसते दीड-दोनला. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की सगळे म्हणतात ऊन लागलं. त्या दिवशीची सोपी वाट अशी: इन्सुलिन घ्यायचं तर न्याहारी करायचीच, ११ वाजता मूठभर फुटाणे किंवा अर्धी भाकरी, आणि कमरेला ग्लुकोजची पुडी. झटपट इन्सुलिनवाल्यांनी पेन वावरात न्यावा आणि पान वाढल्यावरच टोचावं.

एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर शुगर वाढते, निर्जळी केली तर पडते. एका ताटलीत ६० ते ७० ग्रॅम साबुदाणा म्हणजे तेवढंच जवळजवळ शुद्ध पिष्ट. त्यापेक्षा थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी. नवरात्राचे नऊ दिवस किंवा रमजानचा महिना असेल तर दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या, रोज्यात सहसा मोठा डोस इफ्तारला आणि कमी केलेला सहरीला जातो. बोटाला टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा. टाईप १ मधुमेह (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो) असलेल्या लेकरांनी कडक उपवास करूच नये.

शुगर लो झाली तर

थरथर, दरदरून घाम, धडधड, भूक, चिडचिड, बोलण्यात गडबड. मीटर हाताशी असेल तर तपासा, नसेल तर लो आहे असं धरून चाला. ७० च्या खाली असेल तर:

तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात. नाहीतर साधारण १५० मिली साधं थंड पेय, डाएटचं नको. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की अर्धी भाकरी किंवा कपभर दूध, म्हणजे ती परत पडत नाही. पेढा, चॉकलेट, बिस्किट आधी देऊ नका, तुपा-चरबीमुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असलेली गोळी चालू असेल तर साखर आणि गूळ लवकर उपयोगी पडत नाहीत, कारण ही गोळी साखर फोडण्याचं कामच अडवते. त्यांच्या खिशात ग्लुकोज पावडरच हवी. गोळ्यांच्या पाकिटावर घटक वाचून आजच खात्री करा.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाईडसारख्या गोळ्यांमुळे शुगर पडली असेल तर एकदा वर येऊनही ती काही तासांनी पुन्हा पडते, म्हणून दवाखाना टाळू नका. दारू प्यायलेल्या माणसाची शुगर रात्री उशिरा पडते आणि लोक "जास्त झाली" म्हणून झोपू देतात. इन्सुलिन घेणाऱ्याच्या बाबतीत ती चूक जीवावर बेतते.

आजारपणात आणि ऊसतोडीवर

ताप, उलटी, जुलाब असताना जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. आजारात शुगर उलट वाढते. दर चार तासांनी तपासा, पाणी घोट घोट घेत राहा, आणि किती युनिट घ्यायचे ते फोनवर विचारा. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या उलटी-जुलाबात चालू ठेवायच्या का, हेही त्याच फोनवर विचारा, बहुतेक वेळा त्या थांबवाव्या लागतात. पोटात दुखणं, सतत उलटी, खोल भरभर श्वास, तोंडाला फळासारखा वास, गुंगी: यातलं काही दिसलं तर थेट मोठा दवाखाना. टाईप १ मध्ये हे काही तासांत गंभीर होतं.

कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्यांनी निघण्याआधी हिशेब करावा. ४० च्या १० मिली बाटलीत ४०० युनिट. दिवसाला ३० युनिट लागत असतील तर एक बाटली १३ दिवस. पाच महिन्यांना साधारण १२ बाटल्या, सगळ्या एकदम न्यायच्या नाहीत, कोपीत (पाचटाच्या झोपडीत) त्या टिकणार नाहीत. जिल्हा रुग्णालयाच्या असंसर्गजन्य आजारांच्या क्लिनिकचा कागद जवळ ठेवा. त्यावर औषधाचं मूळ नाव, ४० की १००, आणि डोस स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात नवी बाटली मागता येते. पहाटे चारला फडात उतरण्याआधी काहीतरी खाल्लंच पाहिजे, आणि हंगामाच्या कष्टाचा डोस घरी बसलेल्या दिवसांच्या डोसपेक्षा वेगळा असतो, तो निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. मुकादमाला किंवा जोडीदाराला ग्लुकोजची पुडी कुठे आहे ते दाखवून ठेवा. रोज संध्याकाळी पाय धुऊन तळव्यावर चीर, काटा, फोड पाहा. पाय बधिर असेल तर उसाच्या बुडख्याची जखम दुखत नाही, दिसावीच लागते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावा, पाचटात टाकू नका, तिथेच लेकरं अनवाणी खेळतात.